आर्ग्यू म्हणजे भांडण नव्हे

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत हळू बोलणारी माणसं तीनच होती, आणि ती तिन्ही आमच्याच घरात राहत: नाना, आई आणि मी. बाकी सगळी गल्ली मिलमध्ये कामाला. त्यातले बहुतेक कापड विणण्याच्या खात्यात. तिथे शेकडो साचे, म्हणजे कापडाचे माग, एकाच वेळी खडखडत, त्यामुळे हातभर अंतरावरच्या माणसालाही ओरडूनच सांगावं लागे. आठ तास असं ओरडून घरी आलेला माणूस दारात चप्पल काढताना आवाज कुठून खाली आणणार? कुणी बायकोला मीठ कमी पडलंय म्हणून सांगितलं की चार घरांना कळे. शाळेतली माझी एक मैत्रीण पहिल्यांदा घरी आली तेव्हा घाबरून म्हणाली, "बाहेर भांडण चाललंय का गं?" बाहेर शिवचरण चाचा सायकलवाल्याला हवा किती भरायची ते सांगत होते.

शिवचरण चाचा समोरच्या खोलीत राहत. उत्तर प्रदेशातून आलेले, उंच, काटक, आणि सगळ्या गल्लीत आवाज सर्वांत मोठा. साच्यावर त्यांचा हात असा बसलेला होता की नवीन माणसांना त्यांच्या शेजारी उभं करत. अनंत चतुर्दशीला मिलची झांकी, म्हणजे सजवलेला चित्ररथ, निघे, तिच्यासाठी कागदाची कमळं करण्याचं कामही दरवर्षी त्यांच्याकडेच असे. एवढा दणदणीत माणूस, पण कमळाच्या पाकळ्या वळवताना जीभ दाताखाली धरून बसे. मी आणि त्यांची धाकटी मुलगी समोर बसून पाकळ्या मोजून देत असू.

नाना, म्हणजे माझे वडील, त्याच विणाईखात्याच्या ऑफिसात क्लार्क होते. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि आम्ही इंदूरचेच झालो. पुण्याची मावशी आली की आमच्या मराठीला पोट धरून हसायची. आमच्याकडे वस्तू पडत नसत, 'गिरत'. आमटीला फोडणी नसे, 'बघार' असे. आई हसत हसत तिला म्हणे, "तुमच्या शुद्ध मराठीत आमचं काम नाही चालत गं बाई. इथे भाजीवाल्यालासुद्धा थोडं पटवावं लागतं." पण नानांना या मिसळलेल्या बोलीची थोडी लाज वाटत असावी. त्यांचा अभिमान इंग्रजीत होता. मॅट्रिकच्या पुढे त्यांना शिकता आलं नव्हतं, तरी गल्लीत इंग्रजी येणारे ते एकटेच. रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर माणसं कागद घेऊन बसत. कुणाची कोर्टाची नोटीस, कुणाचा दवाखान्याचा रिपोर्ट, कुणाच्या मुलाचं शाळेचं पत्र. नाना धुतलेला सदरा घालून, चष्मा पुसून बसत आणि आधी संपूर्ण कागद इंग्रजीतच मोठ्याने वाचत. समोरच्याला अक्षर कळत नसे, पण तो मान खाली घालून ऐके. मग नाना हिंदीत अर्थ सांगत. आई आतून चहा पाठवत राही. त्या तासाभरात नाना मला कलेक्टरसारखे दिसत.

मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं ते आईच्या मनाविरुद्ध. फी परवडत नव्हती. आठवीत मला निबंधाचं बक्षीस मिळालं, एक जाडजूड इंग्रजी-हिंदी डिक्शनरी. नानांनी तिला खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि ती ट्रंकेवर, भिंतीला टेकून, येणाऱ्याला दिसेल अशी ठेवली. तेव्हापासून ते मला मधूनमधून शब्द विचारू लागले. खात्याचे रिपोर्ट ते घरी कच्चे लिहून नेत, म्हणजे ऑफिसात टाइप करताना चूक होऊ नये. "कुंदे, रिसीव्हमध्ये आय आधी का ई आधी?" असं त्यांनी विचारलं की मी खेळ टाकून धावे. वडिलांना आपल्याकडून काही हवं आहे, हे सुख तेराव्या वर्षी फार मोठं असतं. मी उत्तर देताना कधीही थांबत नसे. येत असो वा नसो.

त्या दिवशी संध्याकाळी आई भुट्टे किसत होती. पावसाळ्याचे शेवटचे दिवस, भुट्टे थोडे जून झालेले, त्यामुळे किसणीचा आवाज खरखरीत येत होता. कढईत तूप, हिरवी मिरची, मोहरी. नाना खाटेवर गुडघ्यावर पाट ठेवून लिहीत होते. चेहरा नेहमीपेक्षा ओढलेला. दोनदा कागद फाडून झाला होता. मग त्यांनी मला हाक मारली.

"कुंदे, एका माणसाने साहेबाच्या टेबलाशी जाऊन वाद घातला, तर इंग्रजीत काय लिहायचं? मी आर्ग्यूड लिहिलंय. बरोबर आहे ना?"

मी कागद वाचला नाही. माणूस कोण, साहेब कोण, विचारलं नाही. माझ्या कानात आमच्या इंग्रजीच्या मिसचा आवाज होता. वर्गात कुणी काही विचारलं, 'पण मिस' असं म्हटलं, की त्या टेबलावर डस्टर आपटून म्हणत, "डोन्ट आर्ग्यू!" दिवसातून दहा वेळा. तो शब्द माझ्या लेखी शाळेचा होता, शेंबड्या मुलांचा.

"नाही नाना," मी म्हटलं, "आर्ग्यू तर लहान मुलं करतात. टीचरशी. मोठी माणसं क्वॉरल करतात."

"पक्कं?"

"पक्कं."

डिक्शनरी दोन हातांवर होती. मी उठले नाही. नानांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मग आर्ग्यूडवर रेघ मारून वर क्वॉरल्ड लिहिलं. डबल आर, डबल एल, असं मी सांगितलं, आणि तेही ऐटीत. मग आम्ही तिघांनी भुट्ट्याचा कीस खाल्ला. वरून लिंबू आणि खोबरं. मला आठवतं, मी दुसऱ्यांदा मागून घेतला.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी शिवचरण चाचा आमच्या दारात उभे राहिले. दुपारच्या वेळी ते घरी असणंच चमत्कारिक होतं, कारण त्यांची पाळी संपायला अजून तीन तास होते. हातात एक टाइप केलेला कागद होता. नाना मिलमध्ये होते, आई नळावर. ते म्हणाले, "बिटिया, बाबूजी तो शाम को आएँगे. तब तक तू ही पढ़ दे."

मी नानांसारखीच ओट्यावर बसले. नानांसारखाच आधी सगळा कागद इंग्रजीत मोठ्याने वाचला. मिलचं नाव, तारीख, त्यांचं नाव, त्यांचा नंबर. मग ते वाक्य आलं, आणि त्यातला शब्द आला. तोच, डबल आर, डबल एल. माझी जीभ तिथे अडखळली, पण अजून मला पुरतं उमगलं नव्हतं. खाली लिहिलं होतं की इन्क्वायरी होईपर्यंत कामावरून दूर राहावं, आणि आरोप सिद्ध झाला तर नोकरीवरून काढून टाकण्यात येईल.

"लिहा क्या है, बिटिया? हमने किया क्या है?"

"मास्टर साहब से झगड़ा किया," मी म्हटलं.

"झगड़ा?" त्यांनी नेहमीच्याच आवाजात विचारलं. "झगड़ा हमने कब किया? हमने तो बहस की थी!"

मग त्यांनी मला सगळं सांगितलं, ओट्याच्या कडेवर उकिडवं बसून, तेरा वर्षांच्या मुलीला नाही, जणू पंचांना सांगावं तसं. खात्यात सूत कमकुवत येत होतं. साच्यावर चढवलं की तुटे, तुटलं की कापडात चूक राही, आणि चूक राहिली की दोष विणणाऱ्याच्या नावावर लागे. म्हणून ते सुताच्या पाच कांड्या घेऊन खात्याच्या मास्तरांकडे गेले. मास्तर म्हणजे विणाईचे मुख्य साहेब. एकेका कांडीचा धागा त्यांनी टेबलावर ओढून दाखवला. "ये देखिए, हाथ में टूट रहा है। ये दूसरा। ये तीसरा।" पाचही धागे तुटले. मास्तरांसमोर त्या वेळी बाहेरगावचे दोन व्यापारी बसले होते. मास्तरांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, बाहेर हो. चाचा म्हणाले, जातो, पण आधी सांगा यात माझी काय चूक. एवढंच.

"आवाज़ तो बड़ी है हमारी," ते म्हणाले. "वो तो भगवान ने दी और मिल ने बढ़ा दी। पर गाली दी क्या? हाथ उठाया क्या? बाबूजी वहीं बैठे थे, उनसे पूछ लेना।"

बाबूजी म्हणजे नाना. ते तिथेच बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं, आणि मग घरी येऊन, खाटेवर बसून, मला शब्द विचारला होता. शिवचरण चाचांना अजून हे ठाऊक नव्हतं. ते कागदाची घडी घालून, ती खिशात जपून ठेवून गेले. संध्याकाळी बाबूजींना भेटतो म्हणाले.

ते गेल्यावर मी डिक्शनरी उघडली. क्वॉरलच्या पुढे झगडा, कलह, तंटा असं होतं. आर्ग्यूच्या पुढे तर्क करना, बहस करना, प्रमाण देना असं. 'प्रमाण देना', म्हणजे पुरावा देणं, या शब्दांवर मी बराच वेळ बोट ठेवून बसले. पाच कांड्या आणि पाच तुटलेले धागे. नानांनी पहिल्यांदा लिहिलेला शब्द बरोबर होता. अगदी नेमका होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मिसच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. आमच्या मिस केरळच्या, हिंदी तोडकीमोडकी बोलत. मी विचारलं, आर्ग्यू आणि क्वॉरल यात काय फरक. त्यांनी डब्यातला इडलीचा तुकडा खाली ठेवला आणि नीट समजावून सांगितलं. वकील कोर्टात आर्ग्यू करतो, कारणं देतो, समोरच्याला पटवायला बघतो. कारणं संपली आणि नुसता राग उरला, की ते क्वॉरल. मी म्हटलं, "मिस, फिर आप हमें डोन्ट आर्ग्यू क्यों कहती हैं?" विचारल्यावर मला वाटलं आता डस्टर येणार. पण त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "कभी-कभी मेरे पास जवाब नहीं होता, इसलिए." मी पुढे बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मुलं कंटाळवाणे प्रश्न विचारत, आडवे प्रश्न विचारत, आणि माझ्या तोंडावर ते वाक्य अनेकदा आलं. कधी निसटलंही. पण निसटल्यावर मी त्या मुलाला परत उभं केलं आणि बोल म्हटलं. बाईंचं ते उत्तर मला एवढं उपयोगी पडलं.

मिसना विचारलं त्याच्या आदल्या संध्याकाळी शिवचरण चाचा नानांना भेटून गेलेच होते. नानांनी कागद घेतला, पण मोठ्याने वाचला नाही. "बघतो, बघतो" म्हणाले. मी आत अभ्यासाचं पुस्तक पुढे धरून बसले होते. नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आता मात्र मिसशी बोलून आल्यावर मला राहवेना. त्या रात्री जेवणं चालू होती. आमटी-भात, ज्वारीची भाकरी. मी म्हटलं, "नाना, तो शब्द चुकला."

"कुठला शब्द?"

"क्वॉरल. तुम्ही लिहिलं होतं तेच बरोबर होतं. चाचा भांडले नाहीत. त्यांनी बहस केली. धागे दाखवले. तुम्ही बघितलंय ना?"

नाना भात कालवत राहिले. "कागद गेला, बेटा. नोटिशीवर साहेबांची सही झाली. आता काही होत नाही."

"पण इन्क्वायरी व्हायचीय. तुम्ही जाऊन सांगा ना, शब्द बदला म्हणून."

"मिल म्हणजे तुझी शाळा नाही. रबरने खोडलं आणि नवीन लिहिलं."

"पण त्यांची नोकरी जाईल!"

"कुंदे."

"तुम्ही तिथेच बसला होतात. तुम्ही सांगितलं नाही तर कोण सांगणार?"

"उलट बोलू नकोस!"

आमच्या घरात नानांनी त्याआधी कधी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. आवाज चढवायची गरजच पडत नसे, कारण त्यांच्या शब्दापुढे कुणी शब्द ठेवत नसे. आईही नाही. मी रडायला लागले, पण बोलायची थांबले नाही. मी म्हटलं, "मी उलट नाही बोलत आहे. मी सांगून राहिले की काय झालं ते." माझी मराठी अशीच मोडकी निघाली.

तेव्हा आई बोलली. तिने वाढायचा डाव पातेल्यात ठेवला आणि अगदी नेहमीच्या स्वरात म्हणाली, "ती बरोबर बोलतेय. उद्या शिवचरणजींची घरवाली मला नळावर भेटेल. तिला मी काय सांगू? आमच्या यांना ठाऊक होतं, पण ते गप बसले, असं सांगू?"

नानांनी तिच्याकडे पाहिलं. हेड क्लार्कची जागा त्या वर्षी रिकामी होणार होती आणि ती मास्तरांच्या शिफारशीवर मिळणार होती. हे आईला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्या जागेबरोबर मिलचं तीन खोल्यांचं क्वार्टर मिळे. आईने त्या क्वार्टरच्या स्वयंपाकघराची खिडकी बाहेरून जाऊन पाहूनही ठेवली होती. तरी ती बोलली. नाना उठून गेले नाहीत. पानातलं सगळं, शेवटच्या शितापर्यंत, संपवलं, ताक प्यायले, आणि मग हात धुवायला गेले.

इन्क्वायरी सोमवारी होती. मधल्या दिवसांत गल्ली ओळखीची वाटेना. शिवचरण चाचा समोर ओट्यावर बसलेले असत आणि बोलत नसत. झांकी तोंडावर आली होती. मिलच्या आवारात बांबू बांधायला सुरुवात झाली होती आणि कमळं करायला त्यांना आत सोडत नव्हते. कामावरून दूर ठेवलेल्या माणसाला फाटकातून प्रवेश नाही, असा नियम. दुसऱ्या कुणीतरी केलेली कमळं त्या वर्षी झांकीवर लागली. चाचींनी आईला नळावर काही विचारलं का, आईने काय सांगितलं, ते मला कळलं नाही. रविवारी ओट्यावर माणसं कागद घेऊन आली तेव्हा नाना म्हणाले, आज बरं नाही, पुढच्या रविवारी या.

सोमवारी नानांनी कोट घातला. लग्नकार्यातच बाहेर निघणारा काळा कोट, पाठीवर थोडा हिरवट पडलेला. मी डिक्शनरी उचलून त्यांच्यापुढे धरली. आर्ग्यूच्या पानात मी शाळेच्या वहीची पट्टी घालून ठेवली होती. त्यांनी डिक्शनरी पिशवीत टाकली आणि गेले. मिलचा भोंगा वाजला. आई त्या दिवशी तांदूळ दोनदा निवडत बसली.

ते नेहमीच्या वेळी परत आले. कोट खुंटीला लावला. आईने विचारलं, "काय झालं?" नाना म्हणाले, "झालं. चहा टाक." याहून जास्त त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही, आणि त्यानंतर कधीही सांगितलं नाही. जे कळलं ते बाकीच्यांकडून कळलं. शिवचरण चाचांना ताकीद मिळाली आणि ते कामावर परत आले. बसून काढलेल्या दिवसांची मजुरी मात्र गेली. सुताच्या बाबतीत कुणी काही केलं नाही. ते तसंच तुटत राहिलं. आठ दिवसांनी नानांची बदली कापडाच्या गोदामात झाली. तिथे इंग्रजी लिहिण्याचं काम नव्हतं. गठ्ठे मोजून आत घ्यायचे आणि बाहेर द्यायचे. हेड क्लार्क दुसरा झाला. आईने त्या क्वार्टरबद्दल पुन्हा कधी बोलणं काढलं नाही.

मला वाटलं होतं चाचा येतील, नानांचा हात धरतील, मोठ्या आवाजात सगळ्या गल्लीला ऐकवतील. तसं काही झालं नाही. रिपोर्टखाली सही नानांची होती हे त्यांना इन्क्वायरीत कळलं होतं. नाना समोरून आले की ते मान फिरवत. त्यांची मुलगी माझ्याशी खेळे, चाची आईशी बोले, पण नाना आणि चाचा यांच्यात रामराम बंद झाला. रविवारी ओट्यावर येणारी माणसंही कमी होत गेली. आणि नानांनी मला शब्द विचारणं सोडून दिलं. हे मला सर्वांत जास्त लागलं. गोदामात लिहायचंच काही नसे, हे खरं. पण पोस्टकार्ड लिहितानाही ते अडत, पेन हवेत धरून बसत, आणि मला विचारत नसत. मला वाटे, त्यांचा माझ्यावरचा विश्वास गेला. माझ्या एका शब्दाने त्यांची जागा गेली, म्हणून ते मनातून माझ्यावर रागावले आहेत. हे मी त्यांना कधी विचारलं नाही. घरात एकदा वाद घातला होता, तेवढा पुरे झाला असं वाटलं.

मिल पुढे बंद पडली. सगळ्याच पडल्या. साच्यांचा आवाज थांबला त्यानंतर कितीतरी दिवस गल्लीतली माणसं मोठ्यानेच बोलत होती, मग हळूहळू आवाज उतरले. आता तिथे दुकानं झाली आहेत, मोबाइलची, प्लास्टिकच्या सामानाची. मी अधूनमधून जाते, पण घर नेमकं कुठे होतं ते मला दाखवता येत नाही.

नाना गेले तेव्हा मी नोकरीत होते. दहाव्या-अकराव्या दिवशी शिवचरण चाचा भेटायला आले. खूप म्हातारे झाले होते, नातवाच्या स्कूटरवर मागे बसून आले. बंद झालेला रामराम दोन वर्षांनी पुन्हा सुरू झाला होता, एका दिवाळीला, कुणी काही न बोलता. पण बसणं-उठणं पूर्वीसारखं कधी झालं नाही. ते सतरंजीवर बसले. आईने चहा दिला. मग ते म्हणाले, "बिटिया, एक बात पूछनी थी. बाबूजी को अंग्रेज़ी सचमुच नहीं आती थी?"

मला काही कळेना. मी म्हटलं, असं का विचारता?

तेव्हा त्यांनी त्या सोमवारची हकिगत सांगितली. लेबर ऑफिसर, मास्तर, युनियनचा एक माणूस, चाचा, आणि नाना. नानांना फक्त सही कबूल करायची होती. त्यांनी सही कबूल केली आणि म्हणाले, यातला एक शब्द चुकला आहे. पिशवीतून डिक्शनरी काढून पान उघडलं आणि दोन्ही अर्थ वाचून दाखवले. मास्तर म्हणाले, दोन्ही एकच आहे, तोंड उघडलं ना याने? नाना म्हणाले, नाही साहेब, एक नाही. मग लेबर ऑफिसरने विचारलं, हा शब्द तुम्हाला कुणी लिहायला सांगितला? मास्तरांनी सांगितला? मास्तर खुर्चीत पुढे झाले. नाना म्हणाले, कुणी नाही, माझा शब्द आहे. ऑफिसर चिडला. "अंग्रेज़ी नहीं आती, तो लिखते क्यों हो?"

"और बाबूजी ने कहा," चाचा सांगत होते, आणि त्यांचा आवाज मोठा करायचा प्रयत्न फसत होता, "कहा कि साहब, नहीं आती। मुझे अंग्रेज़ी नहीं आती। सबके सामने। वो चपरासी भी खड़ा था, जिसके काग़ज़ वो हर इतवार पढ़ते थे।"

मी भिंतीला टेकून बसले. रविवारची माणसं का कमी झाली ते मला इतक्या वर्षांनी कळत होतं. मी चाचांना सांगितलं की शब्द मी दिला होता. मी तेरा वर्षांची होते, डिक्शनरी उघडली नव्हती. नानांनी आधी बरोबर लिहिलं होतं आणि माझ्या सांगण्यावरून खोडलं होतं. हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होते.

सांगताना माझ्या मनात अजून एक गोष्ट होती, ती मी त्यांना सांगितली नाही, इथे लिहिते. नानांना दोन्ही शब्दांतला फरक खरंच कळत नव्हता का? पहिला शब्द त्यांनी स्वतः निवडला होता. मग मला विचारलं, "पक्कं?" मास्तरांना कुठला शब्द आवडेल हे त्यांना ठाऊक असणार. मी जास्त जड शब्द दिला आणि त्यांनी तो घेतला. कदाचित त्या संध्याकाळी त्यांना तसा शब्द कुणाच्या तरी तोंडून हवा होता. तसं असेल तर 'माझा शब्द आहे' म्हणताना ते मला पाठीशी घालत नव्हते, खरंच सांगत होते. मी पुष्कळ विचार केला आहे. दोन्ही बाजूंनी कारणं देता येतात.

चाचांनी हातातला कप सतरंजीवर ठेवला. मग म्हणाले, "दो बरस हमने उनसे राम-राम नहीं की, बिटिया। रोज़ सामने से निकलते थे।"

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "त्यांना राग नव्हता, शिवचरणजी. मी एकदा म्हटलं होतं, तुम्हीच जाऊन बोला ना. तर म्हणाले, नको. शिवचरणचं म्हणणं रास्त आहे, त्याला ते धरून राहू दे."

चाचांनी मान हलवली. नातू बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजवत होता. त्यांनी हाताने त्याला थांब म्हणून खूण केली, गार झालेला चहा एका दमात संपवला, आणि कप आईपुढे धरून म्हणाले, "भाभीजी, आधा कप और मिलेगा?"

आईने दूध पुन्हा गॅसवर चढवलं.